धाकटीची पेटी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या थॉर्नबेक घरगुती सिनेमा मंडळाच्या सर्वेसर्वा श्रीमती मॉरीन ग्रिमशॉ, जिल्हा संग्रहालयातून वाट वाकडी करून आलेल्या प्रमुख पाहुण्या श्रीमती ट्रॅव्हर्स, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती विल्फ्रेड ऑर्मरॉड, मंडळाचे आजी-माजी सभासद, आणि ज्यांना मी जन्मात पाहिलेलं नाही तरीही जे पहिल्या दोन रांगा अडवून बसले आहेत, असे सर्व सभ्य स्त्री-पुरुषहो,

मी सिरिल बॅम्बर, मंडळाचा चिटणीस. सुरुवात एका प्रश्नाने करतो. आपण सगळे आज इथे कशाला आलात?

हसू नका. आपल्या वार्षिक सभेला नऊ डोकी होती, त्यातली दोन पावसापासून आडोशाला आलेली. आज खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या चॅपेलमधून आणाव्या लागल्या. हे सगळं प्रेम विल्फ्रेडवर उतू चाललंय, की मागच्या टेबलांवर त्यांचे सव्वीस प्रोजेक्टर मांडलेत आणि चहानंतर विक्री आहे, म्हणून? ते तपकिरी कोटवाले गृहस्थ मघाशी त्या आठ मिलिमीटरच्या यंत्राला नाक लावून मोटर हुंगत होते. अहो, विक्री चहानंतर आहे. तोवर नाक खिशात ठेवा.

माझा स्वभावच संशयी आहे, मी नाकारत नाही. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. कोळसेवाल्याच्या तराजूखाली चुंबक सापडलं की माणसाचा माणसावरचा विश्वास उडतो, आणि त्यात मला हा जुन्या प्रोजेक्टरांचा नाद लागला. आपली जमात काय लायकीची आहे हे मी तुम्हाला सांगायला हवं का? चिठ्ठीवर लिहायचं ‘चालवून पाहिलेला नाही’, आणि चालवून पाहिलेला असतो चांगला तीनदा. एखाद्या विधवेच्या माळ्यावरून यंत्र खाली आलं की चेहरा पाडून म्हणायचं, ‘अरेरे, बाई, याचा दिवा आता कुठे मिळत नाही हो,’ आणि तसलेच सहा दिवे घरी मोज्यांच्या खणात. मीही हे केलं आहे. म्हणून तर दुसऱ्याचं पटकन ओळखू येतं.

तर आजच्या छापील कार्यक्रमपत्रिकेवर सहावा विषय आहे. ‘श्री. ऑर्मरॉड यांच्या धाकटीचे दर्शन व तिच्या नव्या मालकाची घोषणा.’ ही माझ्यासमोर टेबलावर आहे ती तिची पेटी. हा विषय माझ्या हट्टाने घातला गेला. आज सकाळी अकरापासून मी त्याबद्दल स्वतःला शिव्या घालतो आहे. का, ते सांगूनच खाली बसेन. अध्यक्षीणबाई घड्याळ दाखवताहेत, पण मी बसणार नाही.

विल्फ्रेडची आणि माझी ओळख सत्याऐंशी साली, चॅपेलच्या जुन्या सामानाच्या विक्रीत झाली. एका प्रोजेक्टरवर एकाच वेळी दोघांचे हात पडले. हे म्हणाले, “सोड लेका. मोटर जळलीय.”

मी मनात म्हटलं, वा! मला बनवतोय. आणि तो आणखी घट्ट धरला. विकत घेतला, घरी नेला, बटण दाबलं. मोटर जळलेली होती. आमच्या या धंद्यात पहिल्याच भेटीत खरं बोलणारा माणूस निघेल, असं कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? पुढच्या रविवारी हे आपणहून दारात उभे. हातात तांब्याच्या तारेचं रीळ. “आण ते धूड इकडे,” म्हणाले. तीन रविवार बसून त्यांनी मोटर पुन्हा गुंडाळली, आणि झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला पेन्सिलीने आपली आद्याक्षरं नि तारीख लिहिली. “ज्याने उघडलं त्याने सही करायची. पुढच्याला कळायला हवं, आधी कोण येऊन गेलं ते,” म्हणाले. तेव्हापासून आपल्या मंडळात ही रीतच पडली. कुठलंही यंत्र, कुठलीही पेटी उघडली की आपला हात आपोआप कानामागच्या पेन्सिलीकडे जातो.

आता धाकटीबद्दल, म्हणजे विल्फ्रेडच्या सगळ्यात छोट्या प्रोजेक्टरबद्दल. जुन्या लोकांना ती ठाऊक आहे. नव्वद वर्षांपूर्वीची, फ्रेंच बनावटीची, हाताने फिरवायची. पाणी भरायच्या तांब्याएवढी. फितीची भोकं कडेला नाहीत, मधोमध. तिची मूठ तुटली होती, ती विल्फ्रेडनी आपल्या कापडगिरणीतल्या, सूत गुंडाळायच्या बॉबिनच्या लाकडातून कोरून बसवली. त्यांच्या पत्नी हिल्डावहिनी ती फिरवायच्या तेव्हा लग्नाच्या फितीत विल्फ्रेड चर्चच्या पायऱ्या धावत उतरायचे, कारण वहिनींना दम निघत नसे.

हिल्डावहिनी दोन हजार दोनमध्ये गेल्या. दीड वर्ष अंथरुणात होत्या, पण घरीच, स्वतःच्या खिडकीपाशी. पुढच्या वर्षी एका गुरुवारी मी विल्फ्रेडकडे सहज डोकावलो. चहा झाला. कपाटावर ही पेटी होती. माझी नजर कुठे आहे हे पाहून ते हळूच म्हणाले, “सिरिल, माझ्यामागे धाकटी तुझी. पण कुणापाशी बोलू नकोस. आणि तिला उघडायचं नाही हं. उजेड सोसत नाही तिला.”

मंडळी, मी बोललो नाही. पण दर गुरुवारी जायला लागलो. त्यांच्या बागेतलं गवत कापलं, गटारं उपसली, पत्त्यांत, क्रिबेजच्या डावात, मुद्दाम हरलो. आणि अकरा वर्षं त्या पेटीला बोट लावलं नाही. मला ती धडधाकट हवी होती.

मग एकदा बुधवारी काही निमित्ताने गेलो, तर दारातून आपल्याच मंडळाचा ब्रायन क्लेग बाहेर पडतोय, हातात मटण भरून भट्टीत भाजलेल्या ‘पाय’ची रिकामी बशी.

मी विचारलं, “तू इथे काय करतोस?”

“‘पाय’ आणला होता. मटणाचा. तू?”

“मी... असाच.”

“आज तर बुधवार आहे,” ब्रायन म्हणाला.

मी हबकलो. याला माझा गुरुवार कसा ठाऊक? हळूहळू पाळत ठेवली. हो, ठेवली! सोमवारी मॉरीन, कपडे धुवायला. मंगळवारी दुसरं कुणी. शनिवारी तिसरं. आठवडाच्या आठवडा वाटून घेतलेला. माझी खात्रीच पटली की म्हाताऱ्याने आपली धाकटी प्रत्येकाला कबूल केली आहे आणि हे सगळे कावळे माझ्या आधी टपून बसलेत.

म्हणून विल्फ्रेडनी मुलीकडे न्यूझीलंडला कायमचं जायचं ठरवल्यावर मी समितीत ठराव आणला. धाकटी भर सभेत उघडायची आणि ती कुणाची, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगायचं. कुणी अनुमोदन देईना. मॉरीन खिडकीबाहेर बघत बसली. ब्रायन म्हणाला, “कशाला म्हाताऱ्या माणसाला त्रास?” विल्फ्रेड म्हणाले, “सिरिलची इच्छा असेल तर होऊ दे.” मी मनात म्हटलं, बघा, कसे सापडले सगळे! आणि चिटणीस या नात्याने विषय छापून टाकला.

आज सकाळी मीच ती पेटी त्यांच्या घरून आणली. कपाटावरून खाली उतरवली आणि माझ्या हाताला कळलं. एकतीस वर्षं वजनं उचललेला हात आहे हा. नव्वद सालच्या प्रदर्शनात धाकटीला मीच उचलून फिरलो होतो. ही पेटी पाऊण किलोने तरी जास्त भरत होती. पहिला विचार काय आला असेल? ब्रायनने धाकटीवर हात मारला आणि आत दुसरंच काही कोंबलं! या सभागृहाच्या स्वयंपाकघरात येऊन दार लावलं आणि पेटी उघडली.

आत एक टॉवेल. टॉवेलात हिल्डावहिनींची जुनी लोखंडी इस्त्री.

श्रीमती ट्रॅव्हर्स, आपण पांढरे हातमोजे घेऊन आलात, त्याबद्दल मंडळ दिलगीर आहे.

इस्त्री परत आत ठेवली. मग झाकणाच्या आतल्या बाजूला लक्ष गेलं. पेन्सिलीच्या सह्या. मॉ. ग्रि., दोन हजार तीन. ब्रा. क्ले., दोन हजार चार. अशा सात. सगळ्यांनी कधी ना कधी पेटी उघडली होती, आणि मुकाट्याने बंद करण्याआधी रीतीप्रमाणे सही केली होती. मेल्यांनो, चोरून उघडतानाही सही!

मॉरीन केक कापायला आत आली. मी म्हटलं, “तुला माहीत होतं?”

“सगळ्यांना माहीत होतं, सिरिल. हिल्डाला इस्पितळात जायचं नव्हतं. घरी नर्स ठेवायची म्हणून त्याने धाकटी विकली. तुला माहीत नाही, हे मात्र आम्हाला माहीत नव्हतं.”

“मग अकरा वर्षं कपडे कशाला धुतेस त्याचे?”

तिने सुरी खाली ठेवली. “म्हणजे? मळतात म्हणून.”

मंडळी, मला लाज वाटली. अजून वाटते आहे. तुम्ही सगळे त्या माणसासाठी जात होता. मी इस्त्रीसाठी जात होतो.

मी मॉरीनला म्हटलं, सहावा विषय रद्द कर, सांग की चिटणीस आजारी पडला. त्यांची शोभा व्हायला नको. तेवढ्यात तिने झाकण उजेडाकडे वळवलं, आणि अगदी खालच्या कडेला आणखी एक ओळ दिसली. ती तिनेही पाहिली नव्हती. सातही सह्यांच्या खाली, थरथरतं अक्षर, वि. ऑ., गेल्या नाताळची तारीख. वाचून दाखवतो. विल्फ्रेड, मी आधी तुमची परवानगी विचारली आहे आणि तुम्ही ‘वाच की लेका’ म्हणाला आहात, हे सभेने नोंदवून घ्यावं.

‘सगळ्यांनी पाहिलं, तरी सगळे येतात. सिरिल तेवढा बाकी. त्याचा माझ्यावर विश्वास आहे.’

आयुष्यात मी कुणावर विश्वास ठेवल्याचा हा एवढा एकच लेखी पुरावा आहे.

तर सहावा विषय मीच उरकतो. ही पेटी उघडली. ही इस्त्री. नव्या मालकाची घोषणा: सिरिल बॅम्बर. विल्फ्रेड, तुम्ही मला शब्द दिला आहे, आता मागे फिरायचं नाही. ब्रायन, हात खाली कर. आणि ही माझी सही, आठवी, आजच्या तारखेची.

अध्यक्षीणबाईंचे, पाहुण्यांचे, चॅपेलने खुर्च्या दिल्या त्यांचे आणि मटणाचे ‘पाय’ करणाऱ्या ब्रायनचे आभार. तपकिरी कोटवाल्या गृहस्थांना मी उगाच बोललो, त्यांची माफी मागतो. त्या मोटरला मात्र खरंच वास येतो. अकरा वर्षांत मनात ज्याच्या-ज्याच्याबद्दल वाईटसाईट आणलं, त्या सर्वांनी आज मोठ्या मनाने माझी चूक पदरात घ्यावी. आणि विल्फ्रेड, तुमची क्षमा मागायला मला एवढ्या लोकांसमोर जमणार नाही. तिकडे गुरुवार आमच्या आधी उजाडतो, असं ऐकतो. फोनपाशी बसा. तुमच्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या सकाळी, क्रिबेजचे पत्ते मी इथे वाटून ठेवतो, आणि या खेपेला मुद्दाम हरणार नाही.