उसने किडे

...नाय हो, मासे नाय! मासे धरायचे तर घराच्या खालच्या अंगाला सावित्री नदी हाय की, मी गवतात कशाला जाळं मारीन? पण तुम्हाला सांगतो, आमच्या दासगावात माणसाच्या हातात जाळं दिसलं की ते माशांचंच. बांधावरून जाणारा प्रत्येकजण थांबणार, मान वाकडी करून बघणार आणि विचारणार, "काय मालोजी, काय गावला?"

आता सुरुवातीपासून सांगतो, नायतर तुम्हीपण तेच विचाराल. नदीकाठी एक तुकडा हाय, त्यात म्हशीसाठी लसूणघास केलाय. शिमग्याच्या दिवसांत डोंगर करपलेला, हिरवं म्हणाल तर तेवढंच. आणि आमची चंद्री नुकती व्यायलेली, तिच्यापुढे कोरडा पेंढा टाकला की माहेरवाशिणीसारखी मान फिरवते! घास गेला की दूध गेलं, एवढी साधी गोष्ट. आणि त्या घासावर पडला मावा. शेंड्याशेंड्याला चिकटलेले बारीक काळे किडे, बसल्या जागी रस ओढतात, घास चिकट होतो, आकसतो...

निघालो महाडला औषध आणायला. तेवढ्यात लेकीचा फोन. अक्षदा आमची, शेतीचंच शिकलेली. बोलली, "बाबा, फवारलेला घास चंद्रीला घालणार? मग ते दूध पिणार कोण?" झालं, चपला परत काढल्या. मग तिने मला कामाला लावलं. एक दिवसाआड सकाळी घासातून चालायचं, शेंड्यांवरून जाळी फिरवायची, आत काय येतंय ते बघायचं. घास खाणारे जास्त की त्या खाणाऱ्यांना खाणारे जास्त? खाणाऱ्यांना खाणारे हायत तोवर औषधाला हात लावायचा नाय. जाळी कसली, तर तारेच्या कड्याला फाटकी मच्छरदाणी. आमच्या हिने, तुळजाने, शिवून दिली. पण शिवताना जे काय बोलली ते नाय सांगत.

आणि फिरायला लागलो. फिरतो, वाकतो, जाळीत डोकं घालतो... आणि वरून आवाज, "काय गावला?" सगळ्यांत मोठा आवाज आमच्या शेजारच्या बांधाच्या प्रयागवहिनींचा. त्यांची तिथे उन्हाळी चवळी. चवळीला पाणी सोडायचं सोडून त्या माझ्यासाठी थांबायच्या!

पण गावला हो, खरंच गावला! लाल पाठीवर काळे ठिपके, असा गोंडस किडा. आणि त्याची अळी? आई-बाप एवढे देखणे आणि पोर बघवत नाय. तांदळाच्या दाण्याएवढी, काळी, खरखरीत, सहा पायांची... सावित्रीतली मगर सुकवून बारीक केली तर अशी दिसेल. पण मावा खाते कशी! पंगतीला उशिरा आलेला माणूसपण एवढं रेटून जेवत नाय. अक्षदाला फोटो पाठवला तर पोरगी नाचायची बाकी राहिली. "बाबा, ह्यांना कोणी हात लावायचा नाय." मी तुळजाला सांगितलं. चंद्रीलापण सांगितलं. राहुलला तेवढं सांगायचं राहिलं.

राहुल म्हणजे माझा पुतण्या, मुंबईला असतो. शिमग्याला सगळी फौज घेऊन आला. आता देवाची पालखी दारात आली की मी शेताकडे जाणार का? मी पालखीबरोबर नाचतोय, आणि ह्या फौजेला वाटलं, काका एकटा किती करणार, चला हेल्प करू! दुपारी राहुल डबा घेऊन पुढ्यात उभा. डब्यात रॉकेल, रॉकेलात माझ्या सगळ्या मगरी. "काका, शेत एकदम क्लीन. एक नाय सोडला."

"आणि हे लाल?"

"दिसायला बरे होते, पण त्यांच्याच बरोबर फिरत होते, म्हणून उचलले."

"आणि ते बारीक काळे रे? शेंड्यावरचे?"

"ते? ते तर जागचे हलतपण नाय काका. बिचारे."

सणाला घरी आलेला, उन्हात भाजलेला, मायेने केलेलं. "बरं केलंस," बोललो. तुळजाने माझ्याकडे जे बघितलं ना...

मुंबईवाले गेले आणि घास काळा पडला. चंद्रीने हुंगला नि मान फिरवली, दूध उतरलं. रेडकू आचळाला ढुशा देतंय आणि पोट भरत नाय, ते बघवत नव्हतं हो. तुळजाने निर्वाणीचं सांगितलं, "येत्या सोमवारी औषध आणा, नायतर म्हैस बाजारात न्या." अक्षदाला विचारलं. बोलली, "दुसऱ्याच्या शेतातून आणा किडे." कुणाच्या? तर जिथे कधी औषध मारलं नाय अशा... म्हणजे प्रयागवहिनींच्या चवळीतून!

गेलो. जाळी पाठीमागे लपवून गेलो.

"काय भावजी, काय गावला?"

"वहिनी, तुमच्याकडे गावंल म्हणून आलोय."

सगळं सांगितलं. आधी पोट धरून हसल्या. मग एकदम गंभीर. "न्या. पण उसने हायत, ध्यानात ठेवा."

आता आमच्याकडे उसन्याची रीत तुम्हाला ठाऊक असेल. साखरेची वाटी सपाट न्यायची, परत देताना शीग लावून द्यायची. सपाट परत देईल त्याचं नाव पार गौरीगणपतीपर्यंत निघतं. पण किड्यांना कसलं उसनं? मीपण हसलो, जाळी भरून आणली आणि संध्याकाळी घासात सोडली.

आणि तुम्हाला सांगतो, ते लाल पाहुणे नुसते जेवले नाय, त्यांनी संसार मांडला! जिकडे बघावं तिकडे मगरी. मावा हटला, घासाला नवे फुटवे आले, चंद्रीने पहिला भारा खाल्ला आणि रेडकू पिऊन पिऊन तिथेच आडवं झालं. मला आनंद झाला हो, गोठ्यात एकटाच हसत बसलो.

परवा सकाळी जातो तर माझ्या घासात प्रयागवहिनी! हातात जाळी, सुनेच्या ओढणीची. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "काय वहिनी, काय गावला?"

"गावतायत. तुम्ही नेलेत तेव्हापासून माझी चवळी माव्याने भरली. उसने परत न्यायला आले."

"अहो, पण हे इथलेच! माझ्या घासात जन्मलेले!"

वहिनींनी कमरेवर हात ठेवला. "दही तुमच्या भांड्यात लागलं, भावजी. विरजण कोणाचं होतं?"

मीच घास बाजूला करून द्यायला लागलो. दोन म्हातारी माणसं, दोन जाळ्या, नदीकडे पाठ करून गवतात वाकलेली... रस्त्यावरून कोणीतरी ओरडलंच, "काय गावला?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनीच बोलल्या, "गावला, पण अजून शीग व्हायचीय!"