बाबांनी फिल्टर सुरू केला

अरे, तुम्ही हसाल, पण नवीन फिश टँकचा फिल्टर लावला, तर तो नुसता घूं घूं करतोय, पाणी काही फेकत नाही. आमचे बाबा मिरकरवाड्याचे, चाळीस वर्षं ट्रॉलरवर काढलेला माणूस. काचेला कान लावून म्हणाले, "आत हवा अडकलीय. बोटीच्या इंजिनाचं असंच होतं." पाण्यातच फिल्टर तिरका केला, भसाभस बुडबुडे सुटले आणि धार सुरू!

आठ दिवसांनी मासे सोडले. बाबा समोर बसले ते तासभर हललेच नाहीत.

"जाळ्यात तडफडणारेच बघितले रे आजवर," हळूच म्हणाले. "एवढे शांत असतात, माहीतच नव्हतं."

तेवढ्यात आईने बांगड्याचं कालवण वाढलं. बाबांनी ताट उचललं.

"आता कुठे निघालात?"

"आतल्या खोलीत. यांच्यासमोर नको."