मयुरीचं गणित आणि माझी सुकट

एक होती आजी, म्हणजे मी, आणि एक होती नात, मयुरी. वास, वायू कशाकशाला चिकटतात आणि सुटून कसे पसरतात, याचं गणित ती कॉम्प्युटरवर मांडते.

त्या दिवशी तिला बघायला पाहुणे यायचे होते, मुलाची आई माळकरी, आणि मी सकाळीच सुकट भाजलेली!

मयुरी म्हणाली, “घाबरू नको गं. पडद्यांवर गरम इस्त्री फिरवते. चिकटलेला वास सुटेल, खिडकीतून जाईल.”

इस्त्री फिरवून ती साडी नेसायला गेली. लग्न ठरण्याआधी शेजाऱ्यांनी बघायला नको, म्हणून मी खिडक्या लावल्या.

पाहुणे आले, तर घरभर सुकट! मयुरी ओरडली, “आजी, गणितात खिडक्या उघड्या होत्या!”

मुलाच्या वडिलांनी हळूच विचारलं, “आजी, थोडी उरलीय का?”

माळकरी बाई हसल्या, “मुलगी पसंत! यांच्या सुकटीची सोय इथं झाली, माझी चूल वाचली.”