निजलंय, उठवू नका

— तितं नका जाऊ बाई, हितं बसा, पाटावर. पाळण्याकडं काय बघताय, पोरगं कुटं पळून जातंय व्हय? आत्ताच निजलंय. आत्ता म्हंजे सकाळीच — पर चांगलं निजलंय. निजलेल्या लेकराला उठवू नये, शास्त्रच हाय तसं. कुठल्या शास्त्रात ते मला नका इचारू, मी दुसरीतनं पळून आलेली बाई. छत्री हिकडं द्या. द्या की, आज न्हाय लपवत. मागल्या खेपेला लपवली ती चेष्टा व्हती. तुमी सगळी चाळ पालथी घातलीत, आन् छत्री आपली माझ्या गोधडीत निजलेली. माझ्या सुनेचा, सावित्रीचा, तर जीव अर्धा झाला. 'अत्ती, म्युन्शिपाल्टीच्या नर्सबाईची चेष्टा करत्यात व्हय?' म्हणली. म्हणलं, म्युन्शिपाल्टीची असली म्हणून तिला हसू फुटत न्हाय व्हय? फुटलं की तुमाला. पदर तोंडात धरून हसलात, मी बघितलं.

च्या टाकू? बरं, न्हाय तर न्हाय. सावित्री कुटं म्हणताय? गिरणीत की. तीन महिन्याचं लेकरू टाकून जायला पाय निघत न्हाय तिचा, पर बदलीवाल्या बायका दारात हुभ्याच असत्यात, जागा गेली की गेली. माझा लेक चनमल्लप्पा बी तितंच, मागावर. दोघं भोंग्याबरोबर जात्यात, भोंग्याबरोबर येत्यात. आन् आल्यावर काय ते कवतिक — पहिलंच लेकरू न्हवं. चनमल्लप्पा तर बाप झाल्यापासनं खुळाच झालाय, रातचं दोनदा-तीनदा उठून पोराच्या नाकाम्होरं बोट धरून बघतोय, वारं येतंय का. मी म्हणलं, अरे, पोरगं काय चिमणी हाय व्हय फुंकर मारली की इझायला? लई हसले मी त्याला. सगळ्या चाळीला करून दाखवलं, कसा वाकतोय, कसं बोट धरतोय. — आज मीच धरून बसले व्हते. तुमी यायच्या आदी. उगी आपलं.

झोप गाढ दिसतीय? बापावर गेलंय. त्याचा बाप बी ल्हानपणी असाच, ढोल बडवला तरी उठायचा न्हाय.

हां, आलात मुद्द्यावर. अफूचंच इचारणार, मला ठावं व्हतं. न्हाय बाई. शपथ घेतली न्हवं का दोघींनी तुमच्या म्होरं, गळ्यातल्या लिंगाला हात लावून? तुमी म्हणला व्हता, लेकराला गप करायला अफू लावायची न्हाय, राईएवढी बी न्हाय. सावित्रीनं मुठीत धरलं लिंग, डोळं मिटून. मी बी धरलं. आता तुमाला म्हणून सांगते, हसू नका — मी लिंगाला न्हाय, त्याच्या दोऱ्याला धरलं व्हतं. दोरा काय देव हाय व्हय? तुमी गेल्यावर आठवून आठवून हसले मी. सावित्रीला बोलले न्हाय, तिनं जेवण सोडलं असतं.

तसं बगू नका माझ्याकडं. अफू म्हंजे तरी काय एवढं? ह्या चाळीत कोणत्या घरात न्हाय सांगा. बाया गिरणीच्या पाळीला जाणार, लेकरू रडून रडून निळं पडणार, त्यापरास बोटाला इवलीशी लावून चाटवली तर काय बिघडलं? आमच्या गावाकडं, अक्कलकोटाच्या अंगाला, माझी दोड्डव्वा व्हती — मोठी काकू, चंद्रव्वा. बाई कसली, देवीच. कपाळाला इभूत, हातात गोठ, आन् आवाज कदी चढला म्हणून न्हाय. खळ्याच्या दिवसात सगळ्या गल्लीची लेकरं तिच्या ओसरीवर टाकून बाया रानात जायच्या. एक लेकरू रडायचं न्हाय. कसलंबी किंचाळणारं पोर आणून द्या, दोड्डव्वा आपला आंगठा त्याच्या वटाला लावायची आन् पोरगं गप. आमाला पोरीपोरींना वाटायचं तिच्या आंगठ्यात गुण हाय. मी चिंध्याच्या बाहुलीच्या तोंडाला आंगठा लावून बसायची तासतास. शाळा सोडली ती बी तिच्यासाठीच की, तिच्या ओसरीवर बसायला. मला बोलवायची, म्हणायची, 'सिद्धू, तुझा हात माझ्यावाणी हाय.' त्या एका बोलावर जन्म काढला मी. सासू मारायची तवा बी मनात म्हणायची, मार, माझा हात दोड्डव्वासारखा हाय. आंगठ्याला काय लावती ते लई उशिरा कळलं. तरी बी मान गेला न्हाय तिचा. मापच तसं व्हतं तिचं. कदी कुणाला जास्ती न्हाय झाली.

न्हाय झाली.

आमचा ईश्वरप्पा तेवढा — धाकटा भाऊ माझा, रांगायचा. गुटगुटीत. कुणाच्या तरी लग्नाचा दिवस, घरात ही गर्दी, आईनं त्याला दोड्डव्वाकडं दिलं. लगीनघरात तिनं कितीकांची पोरं घेतली असतील, आन् ह्याला कुणी दोनदा आणून दिलं असंल, कुणी सांगितलं न्हाय — झोपला तो झोपलाच. लोक म्हणले दिष्ट लागली. दोड्डव्वा बी तसंच म्हणली. मी बी सारा जन्म तसंच म्हणत आले बाई. आज सकाळपतूर तसंच म्हणत व्हते.

का सकाळपतूर? — काय न्हाय. तोंडातनं गेलं आपलं.

थांबा, हात नका लावू त्याला. मी सांगते. सांगते म्हणलं न्हवं? बसा. बरं, बसू नका, उचला, पर ऐका. भोंगा झाला आन् सावित्री गेली. ती गेली की हे कुरकुरलं. रडलं बी न्हाय धड, कुरकुरलं नुस्तं. आन् तिकडं बाया पापड लाटायला बसल्या व्हत्या, मला हाका मारायल्या, 'सिद्धव्वा, ये की, तुझ्याबिगर हात चालंना.' माझ्याबिगर त्यान्ला हसवणार कोण? मी लावली बोटाला. इवलीशीच, रोजच्यावाणी. व्हय, रोजच्यावाणी. दोऱ्याची शपथ. आन् गेले. मांडी घालून बसले, सावित्रीची नक्कल केली, शपथ घेताना ती डोळं कशी मिटती ती. बाया लोळायल्या हसून. तवा शेजारची बजाबाई म्हणती, 'एवढी भोळी न्हाय गं तुझी सून. पहाटे माझ्याकडनं अफूची चिमूट मागून घेऊन गेली, लेकराला द्यायला. तुमच्या घरातली सरली व्हय?'

माझ्या हातात लाटणं तसंच ऱ्हायलं.

कळलं का बाई? तिनं बी दिली. जाताना, मला चोरून. मी दिली, तिला चोरून. आदी चोरी न्हवती, तवा मी द्यायची आन् ती इचारायची, 'अत्ती, दिलं का?' — मी म्हणायची दिलं, संपलं. तुमी शपथ घातली आन् दोघी बी चोर झालो. तुमाला बोल न्हाय लावत. बोल लावायला तोंड कुटंय मला? पळत आले, हलवलं त्याला, कानाशी वाटी वाजवली. तवापासनं हितंच बसलीय बोट धरून. तुमाला बोलवायला का न्हाय आले? कशी येऊ? तुमी इचारणार, कुणी दिली. तिनं खरोखरचं लिंग धरलं व्हतं मुठीत. तिची मोडलेली शपथ मी माझ्या तोंडानं कशी सांगू? असा इचार करत बसले आन् ऊन हितनं तितं गेलं. तुमी दारात दिसला तरी म्हणले, निजलंय. काय बाई हाय मी.

डोळ्यात काय बघताय? बुबुळ एवढं बारीक का हाय ते? तळपायाला टिचक्या मारताय, मारा. जोरात मारा पोरी, मी न्हाय काय म्हणत. रड रं माझ्या राजा. आजीला लाथ मार. — हललं. वट हलला न्हवं का त्याचा? तू बी बघितलंस. ते बघ, कण्हलं. कण्हलं की गं पोरी.

दवाखान्यात? ने. आत्ताच्या आत्ता ने. कोपऱ्यावर धुळा टांगेवाला हुभा असंल, त्याला सिद्धव्वाचं नाव सांग, तो घोडा फोडील पळवून. ही गोधडी घे. मी? मी न्हाय येत. आता भोंगा व्हईल. सावित्री पान्हा दाटून पळत येती, छातीला पदर गच्च धरून, रोज. आन् म्होरं रिकामा पाळणा. कुणीतरी दारात पायजे का नको तिला? मी सांगते तिला. दोन बारी दिली, आन् दोन्ही बारी म्याच दिली — असं सांगते. बजाबाईचं तोंड मी बांधते. सावित्री म्हणंल, माझी तर एवढुशीच व्हती — मी म्हणंन, तुझी वटावरची वटावरच पुसली मी, गेलीस तशी. ती पटवून घेईल. माझ्याबद्दल कायबी वाईट सांगा, चाळीत कुणाला बी पटतंय. घरातनं काढंल, काढू दे. लेकरू वाचलं तर तिला त्याच्याकडं बघता आलं पायजे, आन् न वाचलं तर — तर लईच पायजे.

तू बी तसंच सांग. म्हण बरं, 'म्हातारीनं दिली.' म्हणत न्हाय? खोटं बोलत न्हाईस व्हय? मग गप ऱ्हा. गप ऱ्हायला येतंय तुला. उंबरा हाय, बघून. जा आता, माझ्याकडं नको बघूस, त्याच्याकडं बघ. जा.