बिनमुहूर्ताची माफी

(नवापूर. चंपालाल यांच्या कापड दुकानामागची खोली. सकाळी शेजारचे हेमकांत आले आहेत. चंपालाल यांच्या पत्नी दाखूबाई दारात उभ्या.)

हेमकांत : शेठ, सरळ सांग. काल तुन्हा फोन उना, 'हेमकांत, मला माफ कर' म्हने. माले रातभर झोप नई उनी!

चंपालाल : बस तर आधी. चहा घे.

हेमकांत : चहा नको. त्या गटारना पानीवरून आपलं भांडन व्हयनं, तवपासून तू मन्हाकडे देखे बी नई. आते एकदम काय व्हयनं?

दाखूबाई : हेमकांतभाऊ, तुम्हालाही फोन केला यांनी?

हेमकांत : म्हंजे आखो कोनकोनले करा?

दाखूबाई : नणंदबाईंना केला. व्याह्यांना केला. दुकान सोडून गेलेल्या जुन्या माणसाला शोधून केला. संवत्सरीला मोबाईलवर फुलांचं चित्र पाठवून मोकळे होतात, आणि आता संक्रांतीच्या तोंडावर एकेकाची माफी मागतायत.

हेमकांत : तुमना तो माफीना सन भादवामा रहास ना?

चंपालाल : चांगल्या कामाला दिवस कशाला बघायचा?

हेमकांत : वा रे शेठ! दुकानना नवा गल्ला बी तू मुहूर्त देखीसन मांडस, आनि माफी बिनमुहूर्त?

दाखूबाई : आणि नेहलला? सकाळी तिची आई येऊन गेली. पाठशाळेतल्या एवढ्याशा पोरीला हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणालात? पोर घरी जाऊन विचारतेय, पाठशाळेचे दादाजी कुठं जाणार आहेत का?

हेमकांत : शेठ, कुठे जाई ऱ्हायना तू?

चंपालाल : काही नाही रे.

हेमकांत : बरं. मी जास. गटारनं देखूत पुढे, मन्हा मनमा काही नई. पन भाभी, हाऊ मानूस काहीतरी दपाडी ऱ्हायना, एवढं सांगस.

दाखूबाई : गेले ते. आता मला सांगा, काय लपवताय?

चंपालाल : नेहलवर ओरडलो होतो मी.

दाखूबाई : तुम्ही? पोरांवर?

चंपालाल : आत्मा मरत नाही, मग मरणाची भीती कसली, असं पाठशाळेत शिकवत होतो. ती म्हणाली, 'दादाजी, मग तुमचा हात का कापतोय?' सगळी पोरं माझ्या हाताकडे बघायला लागली. मी तिला बाहेर काढलं. चपलांपाशी बसून रडत होती.

दाखूबाई : का कापत होता हात?

चंपालाल : आदल्या दिवशी नंदुरबारला गेलो होतो ना.

दाखूबाई : पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला.

चंपालाल : पत्रिका दिली. मग डॉक्टरांकडे गेलो. ईसीजीत काहीतरी वाकडं दिसलं. मग त्या पट्ट्यावर चालवलं आणि मध्येच बंद केलं. म्हणाले, सुरतला जाऊन अँजिओग्राफी करून घ्या, रेंगाळू नका.

दाखूबाई : आणि तुम्ही रेंगाळलात.

चंपालाल : हो.

दाखूबाई : मला गॅस झालाय म्हणून सांगितलंत. रोज ओवा भाजून देत होते मी!

चंपालाल : खाल्ला ना मी. सगळा खाल्ला.

दाखूबाई : हसवू नका मला. जिनेशला माहीत आहे? सुरतेत बसलाय तुमचा मुलगा.

चंपालाल : त्याला काय सांगू? बासा, माझे वडील, गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी नवकार म्हणत बसलो होतो. डोळ्यांतून थेंब काढला नाही. त्यानं बघितलंय ते. अजून लोकांना सांगतो, माझे पप्पा असे आहेत. आणि आता मी जिना चढताना कठड्याला धरून थांबतो, कोणी बघत नाही ना ते बघतो. लाज वाटते गं.

दाखूबाई : आजाराची?

चंपालाल : आजाराची कसली? घाबरलो त्याची. ही माफीसुद्धा मनातून कुठं आहे? शटर ओढायच्या आधी माल आवरतो, तशी चाललीय. हेमकांतची चूक होती, मला अजून तसंच वाटतं. तरी फोन केला.

दाखूबाई : आणि सुरतला का नाही गेलात?

चंपालाल : तिथं गेलं की ते खरं होईल.

दाखूबाई : न गेल्यानं खोटं होतंय का?

चंपालाल : नाही. ते कळतं मला. दाखू, तुलाही म्हणायचं होतं. तुला सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. मिच्छा...

दाखूबाई : थांबा. मला म्हणायचं नाही.

चंपालाल : अगं, पण...

दाखूबाई : मला म्हणून झालं की तुमचं आवरून झालं, असंच ना? मी नाही आवरू देणार. भादव्यात, संवत्सरीला, सगळ्यांसारखं समोर बसून म्हणा. तेव्हा ऐकीन.

चंपालाल : आणि मला भादवा दिसलाच नाही तर?

दाखूबाई : तर माफी नाही. तसंच जावं लागेल.

चंपालाल : असं कुणी बोलतं का?

दाखूबाई : मी बोलते. माझेही हात कापतायत, बघा. घ्या हा फोन. जिनेशला लावलाय.

चंपालाल : काय सांगू पण?

दाखूबाई : नेहलला जे सांगितलं नाहीत, ते.

चंपालाल : ...हॅलो, जिनेश? कामात आहेस का? नाही नाही, मम्मी बरी आहे. मीच... जरा बाजूला ये. हं. मला भीती वाटतेय, बेटा.