तुरीच्या डाळीचं ताट

मंडळी, माइक हातात दिला खरा, पण काय बोलावं ते सुधरून न्हाई राहिलं. मी कंधारचा चष्म्याचा दुकानदार. गिऱ्हाइकाशी म्हणाल तर दिवसभर बोलंन. पण समोर वैशालीताईंचा फोटो अन् त्याला हार, हे बघवत न्हाई हो. भाऊजी, श्रुती बेटा, तुमच्या घरातलं माणूस गेलं. आमच्या दुकानातलंही माणूस गेलंय, एवढंच सांगायला उभा राहिलो.

आपण समदे एकाच कंपनीची फ्रँचायझी घेतलेले. कुणी लातूरचं, कुणी नांदेडचं, कुणी उदगीरचं. बोर्ड एक, फ्रेमा एक, भावही एक. मग एक दुकान धो धो चालतं अन् दुसरं माशा मारत बसतं, असं का? ताई हेच विचारायच्या. आपल्या पोरापोरींना ट्रेनिंग द्यायचं, हे ताईंचं काम. एसटीनं यायच्या अन् काउंटरच्या मागं न जाता गिऱ्हाइकाच्या बाकावर बसायच्या. दिवसभर बसायच्या. नुसतं बघायच्या.

आमच्याकडं चष्मे परत यायचे. लई परत यायचे. बाया चष्मा घेऊन जायच्या अन् पुढच्या बाजाराला हजर, "भाऊ, यातनं दिसत न्हाई." मी म्हणायचो, मशीन बिघडलं. कंपनी म्हणायची, पोरं बिघडली. ताईंनी बाकावरून बघितलं. आमच्या काउंटरवरची मनीषा कंपनीनं शिकवल्याप्रमाणं वाचायचं कार्ड हातात द्यायची. "मावशी, वाचा." अहो, मावशीला वाचता कुठं येतंय? पण चारचौघांत न्हाई कसं म्हणायचं? लाजेपायी मावशी म्हणायची, "हाव, दिसतंय, दिसतंय." झालं! नंबर पक्का!

ताई सांजच्या एसटीनं परत गेल्या. पुढच्या खेपेला आल्या त्या स्टीलचं ताट अन् लातूरची तुरीची डाळ घेऊन. मुद्दाम खडे मिसळलेली. मनीषाला म्हणल्या, "कार्ड ठेव बाजूला. मावशीला म्हण, एवढी डाळ निवडून द्या." मावशी हसली, चष्मा लावला, खडे वेचायला लागली. "अगं बाई, हा बारका खडा बी दिसला की!" तेव्हापासून चष्मे परत यायचे थांबले. तीच मावशी जावेला घेऊन आली, जाऊ तिच्या विहिणीला. आमचं दुकान तिथून उभं राहिलं.

मग हेड ऑफिसचे साहेब तपासायला आले. ताट बघून म्हणाले, "हे आपल्या स्टँडर्डमध्ये नाही. काढा." ताई म्हणल्या, "साहेब, त्या बाईला घरी जाऊन कार्ड वाचायचंय का डाळ निवडायचीय?" साहेब चहा न घेताच गेले. ताट राहिलं.

आता हिमायतनगरला नवीन दुकान उघडून राहिलं. कंपनी म्हणते, ताईंच्या जागी दुसरं कुणी नेमायचं न्हाई, मोबाइलवर व्हिडिओ पाठवू. मंडळी, व्हिडिओ बाकावर बसतो का? मावशी लाजली, हे त्याला कळतं का?

आज सकाळी इकडं येताना मनीषानं गाडीत विचारलं, "शेठ, हिमायतनगरच्या पोरींना मी शिकवू का? ताई जायच्या तशी जात जाईन." खरं सांगतो, भ्यालो. माझं निम्मं दुकान त्या पोरीच्या हातात हाय. ती फिरायला लागली तर काउंटरवर कोण? नांदेड येईस्तोवर मी रस्त्याकडं बघत राहिलो. पण इथं ताईंसमोर गप्प बसवत न्हाई.

मनीषा, मागं बसलीस, दिसलीस मला. जा बाई. खुशाल जा. अन् काउंटरवरचं ताट संगं घेऊन जा. ते ताईंचं हाय, जिथं शिकवायचंय तिथं ते पाहिजे. दुकानासाठी मी दुसरं आणतो.

चला मंडळी, उभं राहू या. ताई बाकावर बसायच्या तसं घटकाभर काही न बोलता राहू.

ताई, दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या तुम्ही सगळ्यांच्या आधी म्हणायच्या. आज आम्ही म्हणतो. जय भीम, ताई.