गद्धेपंचविशी

रक्ततपासणीच्या खोलीबाहेर ताटकळलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या बापलेकांचं बोलणं पडत होतं.

“रक्त जुळलं तर मला किडनी देणार म्हणे! यालाच म्हणतात गद्धेपंचविशी.”

“बाबा, हा शब्द काढला तरी कोणी?”

“असेल माझ्यासारखाच वैतागलेला बाप.”

“पण गाढवच का? माकड का नाही?”

“गाढवाला पुढचा विचार नसतो, म्हणून.”

“तुम्हीही पंचविशीतच होतात ना, आजोबांना पाठुंगळी घेऊन दवाखान्याचे जिने चढायचात तेव्हा? आजी सांगायची.”

“आजी काहीही सांगायची.”

“आजोबा काय म्हणायचे?”

“‘उतरव रे गाढवा,’ म्हणायचे.”

“मग उतरवलंत?”

आतून लेकाचं नाव पुकारलं गेलं.

“चल, गाढवा,” म्हणत बाप लेकाची बाही स्वतःच दुमडू लागला. शिंपीणबाईंनी पाय आत घेऊन दोघांना वाट करून दिली.